भाच्याचं कॉलेज

यशोदाअक्काला कुणी फसवू शकत नाही, असं अख्खं गाव म्हणायचं. अक्कालाही ते पटलेलं होतं, आणि का पटू नये? भडगावपासून अर्ध्या तासावरच्या त्या गिरणेकाठच्या गावात अंगणवाडी चालवण्यात तिचा जन्म गेला होता. तांदळात खडे आले, तर पोतं घेऊन आलेल्या माणसासमोरच तिनं ते ओट्यावर उलटं केलं होतं. एकदा गोवराची साथ असताना एक बाबा ताईत विकायला आला. अक्कानं त्याला एवढंच विचारलं, की तुझ्या स्वतःच्या पोराला गोवर आला तेव्हा कुठला ताईत बांधला होतास? बाबा दुपारच्या गाडीनं गेला, तो परत काही त्या वाटेला फिरकला नाही.

नवरा लवकर गेलेला, पोटी मूल नाही. त्यामुळे गावातली सगळी पोरं ती आपलीच समजायची आणि आपल्या पोरांसारखीच फटकारायची. त्यातल्या त्यात जीव झुलालच्या नूतनवर. पोर हुशार, बारावीला सायन्स घेऊन चांगल्या मार्कांनी पास झालेली. तिचा हट्ट एकच होता, की आधी स्वतःच्या कमाईचं काहीतरी करीन आणि मग लग्न. झुलालनानाला हा हट्ट म्हणजे डोक्याला ताप वाटायचा. कपाशीची वेचणी, घरात म्हातारी आई, आणि त्यात वयात आलेली पोर घरी ठेवून लोकांची तोंडं कुठवर धरायची? त्यानं स्थळं बघायला सुरुवात केली होती. ते रोखून धरायचं काम अक्का करत होती, आणि रोखायला तिच्याजवळ काही म्हणजे काही नव्हतं.

लॉकडाऊन संपून वर्ष झालं असेल नसेल, मारुतीच्या पारापाशी एक पांढरी गाडी येऊन थांबली. आतून इस्त्रीच्या कपड्यातला पस्तिशीचा माणूस उतरला. नाव योगेंद्र. धुळ्याला देवपुरात त्यानं 'उन्नती करिअर कॉलेज' काढलं होतं. रक्त तपासणारे, एक्स-रे काढणारे, ऑपरेशनला डॉक्टरच्या हाताशी उभे राहणारे, असे सगळे दोन वर्षांत तयार करतो म्हणाला. साथीत दवाखान्यांचे किती हाल झाले ते तुम्ही पाहिलंच, म्हणाला. बारावी पास पुरे, आणि शेवटी नोकरीची हमी. हमी हा शब्द तो फार गोड उच्चारायचा.

पारावरची मंडळी काही दूधखुळी नव्हती. फसवे बियाणेवाले, फसवे विमावाले, सगळे त्यांनी पचवले होते. पण शिकल्यासवरल्या माणसाला पहिला प्रश्न जो विचारायचा, तो गावात सगळ्यांत वडीलधाऱ्या तोताराम आबांनी विचारलाच नाही. त्यांनी आपल्या पद्धतीचा प्रश्न विचारला.

"तू कोना पोऱ्या शे, भाऊ?"

योगेंद्रनं वडिलांचं नाव सांगितलं, गाव सांगितलं, आणि मग हळूच म्हणाला, की आई मात्र इथलीच. चुडामण आबांची मुलगी कोकिळा.

झालं! कॉलेज राहिलं बाजूला. "मंग तू त आमना भाचा शे," म्हणत तोताराम आबा ऐंशीच्या घरातले गुडघे दाबत उठले आणि त्याच्या पाया पडले. त्यांच्यामागून बाकीचे पडले. (बोली इथून पुढे तशीच्या तशी उतरवली, तर तापी-गिरणेकाठच्यांना कळायची आणि बाकीचे डोकं खाजवत बसतील, म्हणून सगळ्यांना कळेल अशीच सांगितलेली बरी.)

बाहेरच्यांना यात काय एवढं ते समजायचं नाही. खानदेशात भाचा म्हणजे काय, हे खानदेशात जन्मल्याशिवाय कळत नाही. वयानं नातवाएवढा असला तरी मामा त्याच्या पाया पडतो. शंभर ब्राह्मण जेवू घातल्याचं पुण्य एक भाचा जेवला की पदरात पडतं, असं म्हणतात. आणि बहीण एका घरची असली तरी भाचा अख्ख्या गावाचा! संध्याकाळी मळ्यात तुरीच्या वाळक्या तुराट्यांवर वांगी भाजली, भरीत झालं, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी झाल्या, आणि योगेंद्रला आग्रह करकरून वाढण्यात गाव दंग झालं.

अक्का तिथंच होती. कोकिळा तिची सख्ख्यासारखी नणंद. अक्का नवी नवरी म्हणून गावात आली तेव्हा नदीवर धुणं धुताना पहिली मैत्री झाली ती या कोकिळेशी. तिचा मुलगा 'मामी' म्हणून हाक मारतोय म्हटल्यावर अक्काचे डोळे भरून आले. तरी सवय ती सवय. प्रश्न ओठापर्यंत आला होता, की बाबा रे, तुझ्या या परीक्षेला मान्यता कुणाची? आजवर तिनं कुणाकुणाला असलं विचारलं होतं! पण जेवायला बसलेल्या भाच्याला कागद विचारायचे, म्हणजे पंगतीतल्या माणसाला आंघोळ केलीस का विचारण्यापैकी. तिनं प्रश्न गिळला आणि त्याच्या भाकरीवर आणखी तेल वाढलं.

खरं सांगायचं तर गावानं काही वावगं केलंय असं कुणाला वाटलंच नाही. ज्या रीतीनं ही माणसं मुलगी देतात, त्याच रीतीनं त्यांनी कॉलेज पसंत केलं. मूळ पाहिलं, कूळ पाहिलं, मामेकूळ तर आपलंच निघालं. मग आणखी काय बघायचं?

दुसऱ्या दिवशी अक्का झुलालच्या दारात. दोन वर्षं दे, म्हणाली. दोन वर्षांत पोर कमावती झाली नाही तर तू दाखवशील त्या घरी मी स्वतः तिची पाठवणी करीन.  झुलाल म्हणाला, की तुम्ही सांगता म्हणून, अक्का. योगेंद्रच्या शब्दावर नाही, तुमच्या शब्दावर. फीचं बघतो मी.

नूतन गेली. तिच्यामागे गावातल्या आणखी पोरी गेल्या, एकदोन पोरंही गेली.

आणि कॉलेज असं काही वाढलं की विचारू नका. दलिचंद शेठचं मुख्य रस्त्यावर कापडाचं दुकान, त्याच्या वरच्या मजल्यावर वर्ग. पहिल्या वर्षी चार बाकडी होती, दुसऱ्या वर्षी जिन्यावर चपला मावेनात. पांढरे कोट घातलेल्या पोरी घोळक्यानं खाली उतरायच्या तेव्हा रस्त्यावरचे रिक्षावालेसुद्धा जरा अदबीनं बाजूला व्हायचे. जळगावला शाखा निघाली. शिरपूरला निघणार म्हणून बोर्ड लागला. गॅदरिंग झालं, त्यात अक्काला स्टेजवर बोलावून शाल दिली, नारळ दिला. आठवड्यानं भडगाव स्टँडवर भला मोठा फ्लेक्स, आणि त्यावर शाल पांघरलेली अक्का! खाली लिहिलेलं, 'आमच्या मामी, आमची प्रेरणा'. पाचोऱ्याला तोच, जामनेरला तोच. अक्का लाजली, हा काय चावटपणा म्हणाली. पण स्टँडवर उतरली की मान वर करून एकदा बघायचीच. कुठल्या कुठल्या गावच्या बाया नंबर मिळवून तिला फोन करायच्या, पोरीला पाठवू का म्हणून विचारायच्या. भाचा आहे माझा, बिनघोर पाठव, असं अक्का सांगायची.

पहिल्या वर्षी तिथं शिकवणं झालं, हे खोटं नाही. एक निवृत्त तंत्रज्ञ होते, त्यांनी जीव तोडून शिकवलं. नूतन सुट्टीत आली तेव्हा तिनं अक्काच्याच दंडावर पट्टा बांधून रक्त काढलं, आणि अक्काला सुई टोचलेली कळलीसुद्धा नाही. अक्कानं ते गावभर सांगितलं. मग दुसऱ्या वर्षी ते सर यायचे बंद झाले. नूतन म्हणाली, की आम्ही नुसतं बसून येतो हल्ली, मोबाईलवर व्हिडिओ दाखवतात. अक्कानं फोन लावला. योगेंद्र नेहमीच्या गोड आवाजात म्हणाला, "मामी, नवे सर येताहेत, काळजी नको." अक्कानं काळजी सोडली. एवढी जाणती बाई, पण सोडली!

परीक्षेच्या दिवशी सकाळी नूतनचा फोन आला. आवाज असा, की अक्काला आधी वाटलं कुणाचा अपघात झाला.

"अक्का, कॉलेज नाहीये."

"नाहीये म्हणजे? उशिरा उघडणार असेल."

"म्हणजे नाहीये. इथं काहीच नाहीये."

अक्का हातातलं पीठ तसंच झटकून निघाली. पारोळ्याला गाडी बदलून ती धुळ्याला पोचली तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं. दलिचंद शेठच्या दुकानाच्या जिन्यावर पांढरे कोट घातलेल्या पोरी ओळीनं बसल्या होत्या, परीक्षेला आलेल्या. कुणी रडत नव्हतं. अक्काला तेच बघवेना. रडल्या असत्या तर तिनं एकेकीला जवळ तरी घेतलं असतं. दाराला नवंकोरं कुलूप. बोर्ड काढून नेलेला, भिंतीत नुसते खिळे. खिडकीला डोळा लावून पाहिलं तर आत ना बाकडं, ना फळा. प्लास्टिकचा सांगाडा होता म्हणे एक, तोसुद्धा नेलेला. अक्का खिडकीचा गज धरून उभी राहिली. आपण चुकीच्या मजल्यावर आलोय, असं तिला खरोखर वाटलं, आणि तिनं खाली जाऊन दुकानाचं नाव वाचून घेतलं. दुकान तेच होतं.

दलिचंद शेठ गादीवरून उठून आले, पाणी दिलं, पण बोलायला तयार नाहीत. खोली रिकामी करून गेले, भाडं चुकतं करून गेले, एवढंच. बोलली ती त्यांची सून चेलना. तिची दोन दुकानं सोडून रक्त तपासायची लॅब होती. तिनं अक्काला आत नेलं, खुर्ची दिली आणि सरळ सांगून टाकलं, की या कोर्सला मान्यता नव्हतीच. कधीच नव्हती. पहिल्या वर्षाचं प्रमाणपत्र घेऊन पोरी माझ्याकडे नोकरी मागायला यायच्या, मी परत पाठवायचे. हे प्रमाणपत्र चालतच नाही कुठं. ज्यांना दवाखान्यात नोकऱ्या लागल्या म्हणून फ्लेक्सवर फोटो आहेत ना, त्या तिथं आयाचं काम करतात.

 अक्कानं विचारलं, की हे तुम्हाला माहीत होतं? दोन वर्षं पोरी तुमच्या दारावरून जात होत्या, आणि तुम्हाला हे माहीत होतं?

चेलना खाली बघत म्हणाली, "मला वाटलं, तुम्हा सगळ्यांना माहीत असणार. इतक्या लांबून पोरी पाठवताय म्हणजे चौकशी केलीच असेल ना."

 अक्का उठली ती नूतनचा हात धरून तडक कोकिळेच्या घरी. योगेंद्रचा फोन बंदच होता. आज त्या कोकिळेला उभी सोलते, पोटचा असा कसा निपजला विचारते, असं वाटभर पुटपुटत गेली. दार उघडं होतं. कोकिळा जमिनीवर भिंतीला टेकून बसलेली, केस मोकळे, घरात कुणी मेल्यासारखी. योगेंद्र कुठं गेला ते तिलाही ठाऊक नव्हतं. तिच्या धाकट्या जावेची मुलगी जळगावच्या शाखेत शिकत होती, आणि ती जाऊ सकाळीच येऊन अंगणात नको नको ते बोलून गेली होती.

अक्कानं विचारलं, की आई ना तू, तुला कळलं कसं नाही?

 कोकिळा म्हणाली, "मला काय कळतं वहिनी त्यातलं? मला धाकधूक होतीच. त्याचं आधी पुण्यातही काहीतरी झालं होतं. पण तुमचा फोटो पाहिला स्टँडवर. म्हटलं, यशोदावहिनीनं मान डोलावली म्हणजे पारखून घेतलंच असणार. म्हणून तर जावेला म्हटलं, पाठव पोरीला."

अक्का तिच्याशेजारी भिंतीला टेकून बसली. रागवायला आली होती, तो राग कुठं गेला कळेना. गाव कोकिळेच्या नावावर निर्धास्त, कोकिळा अक्काच्या नावावर निर्धास्त. बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी, आणि पंगतीला बसवल्या पोरी! आपल्या तोंडाकडे बघून किती गावांतून किती पोरी आल्या असतील, ते ती बोटांवर मोजायला लागली. नूतननं तिला धरून उठवलं.

पोलिसात तक्रार झाली, सगळ्या गावचे पालक आले, चौकशी सुरू झाली. गावात मात्र भलतंच. भाचा असं करणारच नाही, त्याला कुणीतरी अडकवलं असेल, असं तोताराम आबा अजून म्हणत होते. काही घरांनी अक्काशी बोलणं सोडलं. स्टँडवरचा फ्लेक्स कुणी काढला नव्हता, म्हणून अक्कानं भडगावला जाणंच सोडून दिलं.

अशात झुलालनाना एके सकाळी तिच्या ओट्यावर येऊन बसला. रागावलेला नव्हता, हेच अक्काला नवल वाटलं. त्यानं सांगितलं, की शिरपूरकडचं स्थळ आलंय. मुलगा सूतगिरणीत नोकरीला, स्वभावानं गरीब, चांगलं घर. त्यांना लॅबमधलं शिकलेली मुलगी पाहिजे, कारण त्यांच्या नात्यात कुणाचा तरी दवाखाना आहे. तिकडं अजून कॉलेजचं कळलेलं नाही. रविवारी बघायला येताहेत. झुलाल चाचरत म्हणाला, "त्यांना कागद नको, अक्का. तुम्ही एकदा म्हणा, की पोरीचं शिक्षण पुरं झालं. तुमचा शब्द पुरे आहे त्यांना."

अक्का गार पडली. एवढं होऊनही आपल्या शब्दाला कुठंतरी किंमत आहे, आणि ती अशी वापरायची! नाही म्हणायला तोंड उघडलं, पण समोर झुलालचा चेहरा. दोन वर्षं ज्यानं आपल्या भरवशावर पोर थांबवली, त्याला आता कुठल्या तोंडानं नाही म्हणायचं? पोरीचं घर वसेल. सासरी गेल्यावर कोण विचारतंय? नूतनला विचारावं म्हणून ती दोनदा त्यांच्या घरी गेली. नूतन चुलीपाशी बसलेली असायची, हो नाही की नाही नाही. अक्काचाही तिला सरळ विचारायचा धीर झाला नाही.

रविवारी पाहुणे आले. मुलाचे वडील पंडितभाऊ, मुलाची आई, मुलगा, एक काका. पाहुणे खरोखर भले होते. मूळ-कूळ झालं, पाऊसपाणी झालं, पोहे आले. नूतननं बशा दिल्या आणि दाराशी जाऊन बसली. मग पंडितभाऊंनी अक्काकडे वळून हात जोडले. म्हणाले, की तुमचं नाव आम्ही तिकडंही ऐकून आहोत, पोरीचं शिक्षण पूर्ण झालंय असं नाना म्हणतात, तुम्ही हो म्हणालात की आम्हाला दुसरं काही बघायचं नाही.

झुलाल डोळ्यांनी विनवत होता. अक्कानं बशी खाली ठेवली.

"नाही," ती म्हणाली. "शिक्षण झालेलं नाही. ते कॉलेज खोटं होतं, ते बंद पडलंय. पोरीला तिथं मी पाठवलं. पोरीच्या हातात कला आहे, पण तिच्याजवळ चालेल असा कागद नाही. आणि भाऊ, एक सांगू? कुणाच्या नुसत्या हो म्हणण्यावर काही ठरवत जाऊ नका. माझ्या तर नाहीच."

 पंडितभाऊंनी मुलाच्या आईकडे पाहिलं. तिनं नूतनला जवळ बोलावून हलक्या आवाजात विचारलं, की खरं का गं? नूतन हो म्हणाली. पाहुण्यांनी आरडाओरडा केला नाही, वाकडं बोलले नाहीत. घरी विचार करून कळवतो म्हणाले, आणि अर्धे पोहे तसेच टाकून उठले. कळवतो म्हणजे काय, ते सगळ्यांना ठाऊक असतं.

गाडी वळून गेली. झुलाल दाराची चौकट धरून रस्त्याकडे बघत होता. मग तो वळला.

"अक्का," तो म्हणाला, "माझी पोर तुम्ही दोनदा बुडवली."

अक्कानं ऐकून घेतलं. म्हणू दे, म्हणायचा हक्कच आहे त्याचा, असं ती मनाशी म्हणाली. तेवढ्यात दाराशी बसलेली नूतन उठली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा बापासमोर मोठ्यानं बोलली.

"दोनदा नाही, नाना. एकदाच."

एवढं बोलून तिनं पाहुण्यांच्या बशा एकात एक घातल्या आणि आत घेऊन गेली.  अक्काला उठून घरी जायचं होतं, पण तिच्यानं उठवेना.